पाणरेड्यानं नेलेला माणूस

बोरतळं, १९ नोव्हेंबर २०२३

सुगत,

नावाच्या आधी काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. तुम्ही बजावलं होतं, अप्पांचं काही बरंवाईट झालं तरच लिही, एरवी लिहू नको. बरंवाईट अजून झालेलं नाही. पण ते माझ्या डोळ्यांसमोर व्हायलंय. पत्ता तुम्ही सांगितला तोच घातलाय, रेणुकाच्या नावानं, बीदरजवळच्या कोळारचा; तिला मराठी वाचता येत नाही म्हणालात. गावच्या पेटीत हे टाकणार नाही. अंगणवाडीच्या मीटिंगला ठाणाकुशनूरला जायचं आहे, तिथं टाकीन.

तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले. तुम्ही बांध उतरून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत मी बाभळीखाली उभी होते. मग घरी आले, चूल पेटवली, अप्पांना चहा दिला. आठच्या सुमाराला हावगेप्पा मासळीची जाळी ओढायला तळ्यावर गेला आणि त्याला पायरीवर तुमचे कपडे, चपला अन् मोबाइल दिसला. अर्ध्या तासात सगळं गाव बांधावर होतं.

आगीचा बंब आला. त्या माणसांनी दोन दिवस गळ टाकून तळं शोधलं. प्रेत तिसऱ्या दिवशी वर येतं म्हणतात. ते आलं नाही. पोलिसांनी कागद केला आणि गेले. आता गावाच्या मनात शंका उरलेली नाही. सुगतसारखा पट्टीचा पोहणारा बुडणार नाही, त्याला पाणरेड्यानं नेलं, असं सगळे म्हणतात. तुम्ही लहानपणी ऐकलेली गोष्ट घरोघर नव्यानं सांगणं चाललंय. निजामाच्या काळात तळ्याचा बांध तीनदा फुटला, मग अंमलदारानं भगदाडात काळा रेडा जिता लोटला आणि वरून माती ओढली, बांध टिकला. तो रेडा आतल्या डोहात राहतो आणि भूक लागली की माणूस ओढतो. इतकी वर्षं हे म्हातारी माणसं सांगायची आणि पोरं हसायची. आता कुणी हसत नाही.

तुम्ही त्या सकाळी जे सांगितलंत ते माझ्याजवळच आहे. रेणुकाला दिवस गेलेत, तिच्या भावांना तुम्ही बिनलग्नाचे म्हणून सांगितलंय, इथून जिवंत गेलात तर शोध होईल, यातलं अक्षरही मी बोलले नाही. मी गप्प राहिले. तुमच्यासाठी राहिले असं समजा.

पण अप्पा गप्प बसत नाहीत. गावात एकटे तेच म्हणतात की पाण्यात रेडाबिडा काही नाही. परवा पंचायतीपुढं चार माणसांना म्हणाले, "माझं पोरगं पाण्यातच हाय. शेवाळात अडकलंय. मी काढतो त्याला." आणि रोज सकाळी हावगेप्पाचा थर्माकोलचा तराफा घेऊन, बांबूला आकडा बांधून तळ्यात जायलेत. सत्तर वर्षांचा माणूस, लाइनमनच्या नोकरीत शॉक लागून डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. दुपारी मी भाकरी घेऊन बांधावर जाते तेव्हा ते मला लांबून हात करतात, अजून सापडला नाही म्हणून.

एकदा भेटा त्यांना. गावात येऊ नका. बीदरला कुठंही बोलवा, मी दवाखान्याचं निमित्त काढून पाठवते.

पंचशीला


बोरतळं, १७ डिसेंबर २०२३

सुगत,

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून पुन्हा लिहितेय.

अप्पांनी एक शाळेची वही आणलीय. तीत त्यांनी तळ्याचा नकाशा काढलाय आणि चौकटी आखल्यात. लाइनच्या खांबांना जसे नंबर असतात तसे प्रत्येक चौकटीला नंबर. बांबूनं तळ चाचपून झाला की त्या चौकटीवर फुली मारतात. एकशे चाळीस चौकटी आहेत, एक्केचाळीस झाल्या. पायाच्या बोटांमधलं कातडं पांढरं पडून सुटायलंय. हळद-तेल लावू म्हटलं तर म्हणाले, "पोराचं काय झालं असंल त्या पाण्यात, अन् तू माझ्या बोटाचं बघायलीस."

अंगणवाडीत पोरांनी खेळ काढलाय. एक पोरगं पाणरेडा होतं, एक सुगत होतं, बाकीची बांध होऊन हात धरतात. पाणरेडा सुगतला ओढून नेतो आणि सगळी टाळ्या वाजवतात. मी खिचडी वाढते.

पाणरेडा दिसायचंही वाढलंय. लिंगम्मानं पाण्यावर शिंगं बघितली. पुजारी गुंडप्पाला सकाळी देवळापुढं बसल्या जागी हंबरणं ऐकू आलं. औरादहून एक पोरगा मोबाइल घेऊन आला होता, त्यानं तरंगत्या लाकडाचा लांबून व्हिडिओ काढला आणि तो हजारो लोकांनी बघितला म्हणे. आता रविवारी तळ्यावर गाड्या लागतात. अप्पा मधोमध तराफ्यावर असतात आणि लोक त्यांचेही फोटो काढतात.

गुंडप्पा दोन-चार जाणत्यांना घेऊन घरी आला होता. त्याचं म्हणणं, तुमच्या घराण्यानं निवद बंद केला म्हणून रेडा कोपला. अप्पांनी त्यांना बसायला पाट दिले, चहा पाजला आणि मग जुनं सगळं सांगितलं. दर कारहुणवीला बैलांचा सण झाला की गळ्याएवढ्या पाण्यात जाऊन निवद सोडायचं काम आपल्या घराकडं कामून होतं? रेड्यानं ओढलंच तर आपल्यातला माणूस जावा म्हणून. बाकीचे बांधावर उभे राहायचे. धम्म घेतला त्या सालानंतर आजोबांनी तो निवद पाण्यात सोडला नाही, बांधावर बसून सगळ्यांसमोर स्वतः खाल्ला, हात धुतले आणि डोह आरपार पोहून गेले. अप्पा तेव्हा पाच वर्षांचे होते. ते म्हणाले, "माझ्या बापानं जे पाणी साफ केलं त्यात मी पुन्हा घाण न्हाई टाकणार. पोरगं गेलं तरी."

गुंडप्पा चहा अर्धा ठेवून उठला.

ते असं बोलले तेव्हा मी आत होते. मला त्यांच्या पायावर पडून सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. तुम्ही या.

पंचशीला


बोरतळं, २८ जानेवारी २०२४

सुगत,

पहिल्या पत्रात एक गोष्ट मी खोटी लिहिली. तुमच्यासाठी गप्प राहिले असं लिहिलं. मी गप्प राहिले नव्हते.

त्या सकाळी बांधावर सगळे जमल्यावर लिंगम्मानं तुमचा शर्ट बघितला. घडी घातलेला होता. तुम्ही घरात कधी शर्टाची घडी घातली नाही, अकरा वर्षं मी घातली. नेमकी त्या दिवशी तुम्ही घातली. लिंगम्मा सगळ्यांसमोर म्हणाली, आंघोळीला उतरणारा माणूस अशी घडी घालतो व्हय? आणि माझ्याकडं बघितलं. तिच्या मागं उभ्या असलेल्या बायांनीही बघितलं. सगळ्यांना ठाऊक होतं की आपल्याला मूल नाही. पुढचा प्रश्न मला दिसत होता, नवरा सोडून गेला का म्हणून.

तेव्हा मी म्हणाले, "मी बघितलंय. काळी पाठ वर आली, वल्ली, खडकासारखी. हे एकदाच वरडले."

कुठून सुचलं मला माहीत नाही. मी फक्त पाठ सांगितली होती. शिंगं लिंगम्मानं लावली, आवाज गुंडप्पानं दिला. आता जो पाणरेडा लोकांना दिसतो तो निम्मा माझा आहे.

टाकलेली बाई होण्यापेक्षा मला ते बरं वाटलं. आणि खरं लिहायचं तर, तुम्ही मेलात असं तोंडानं म्हणताना मला बरंही वाटलं. ते तेवढ्या एका दिवसाचं होतं. तेव्हा अप्पा माझ्या डोक्यातच नव्हते.

ते त्या वेळी पाठमोरे उभे होते. मी असं म्हटल्यावर वळले, जवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "भ्यालीस तू. लाट असंल." माझ्यावर ते कधी रागावले नाहीत. आजही कुणी विचारलं तर सांगतात, सून घाबरली होती, तिनं पाण्याची लाट बघितली.

सत्त्याऐंशी चौकटी झाल्या.

पंचशीला


बोरतळं, ३ मार्च २०२४

सुगत,

तुमचं पत्र अंगणवाडीच्या पत्त्यावर मिळालं. दोन ओळी. मुलगी झाली, अप्पांना सांगू नको, पुन्हा लिहू नको.

मी ते तीनदा वाचलं आणि चुलीत घातलं. तुमची भीती जाईल म्हणून हे कळवतेय.

मुलगी झाली ते चांगलं झालं. अप्पांना नात झाली. ती झाली त्या आठवड्यात तिचे आजोबा एकशे नऊ नंबरच्या चौकटीत छातीभर गाळात अडकले होते. हावगेप्पानं दोर टाकून ओढून काढलं. तापानं पाच दिवस पडून होते. तापात ते तुम्हाला पोहायला शिकवत होते, पाय मार, पाय मार, असं.

पंचशीला


बोरतळं, १६ एप्रिल २०२४

सुगत,

परवा जयंती झाली. विहारापुढं मंडप होता, पोरं निळे झेंडे लावून मोटरसायकली फिरवत होती. दरवर्षी झेंडावंदन अप्पांच्या हातनं होतं. यंदा माणसं बोलवायला आली तर ते घरात नव्हते. तळ्यावर होते. मी बोलवायला गेले. अंगावर चिखलानं कडक झालेली बनियन. म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या हातनं करा. मी तिथं काय तोंडानं उभा राहू?"

मी विचारलं, तुम्ही काय वाईट केलंय?

त्यांनी तळ्याकडं हात केला. पाणी आता पार खाली गेलंय. कडेची जमीन भेगाळलीय, मधे नुसता डोह उरलाय. एकशे चाळीस चौकटींपैकी एकशे एकतीस कोरड्या पडल्यात आणि त्यांत काही निघालं नाही. एक बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव निघाली, मडकी निघाली, कुणाची तरी चांदीची जोडवी निघाली. अप्पा त्या भेगांवरनं वाकून वाकून फिरायलेत. मग म्हणाले, "पंचशीला, बुडालेलं माणूस कुठंतरी ऱ्हातंय. हाड तरी ऱ्हातंय. हे पोरगं कामून गावना मला?"

असा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला. आत्तापर्यंत ते मला सांगत होते, त्या दिवशी विचारत होते.

पुढच्या महिन्यात तळ्याचा गाळ काढायचं काम निघालंय. जेसीबी येणार आहे, डोह मोटारी लावून उपसणार आहेत. गुंडप्पाचा विरोध होता, पण हावगेप्पानं अप्पांची बाजू घेतली. अप्पा त्या दिवसाची वाट बघायलेत. म्हणतात, त्या दिवशी रेडा न्हाई हे गाव बघंल अन् पोरगंही मिळंल.

तुमच्या हातात महिनाभर आहे. मी हात जोडते.

पंचशीला


बोरतळं, २६ मे २०२४

सुगत,

डोह उपसला.

तीन मोटारी चार दिवस चालल्या. चौथ्या दिवशी दुपारी तळ दिसला. आसपासच्या पाच गावांतली माणसं बांधावर होती, लेकरांना खांद्यावर घेऊन. कुणी कापूर आणला होता, कुणी काठ्या. डोहाच्या तळाला गुडघाभर चिखल, त्यात तडफडणारे मासे, एक मोडका नांगर आणि खडकात एक कपार. बाकी काही नाही. रेडा नाही, माणूस नाही.

अप्पा आत उतरले. एकटेच. त्यांनी सगळा चिखल हातानं चाचपला. दोनशे-तीनशे माणसं बघत होती. त्या कपारीत त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला. मग उभे राहिले आणि वर बघितलं, कुणाकडं तरी विचारायचं असल्यासारखं.

मला वाटलं होतं, आता तरी लोक म्हणतील की पाणरेडा नव्हताच. पण गुंडप्पा म्हणाला, ही कपार आतून मांजरा नदीला जाते, रेडा तिकडं गेला, पाणी आलं की परतंल. आणि सुगतला हाडासकट खाल्लं, आता तरी पटलं का? सगळ्यांनी माना हलवल्या. वर येताना अप्पांना हात द्यायला हावगेप्पा पुढं झाला. अप्पा त्याला म्हणाले, "असंल बाबा. असंल."

ते ऐकलं आणि मला राहवलं नाही. घरी येऊन मी त्यांच्या पायावर पाणी घातलं. चिखल जाईना. मी म्हणाले, "अप्पा, ते पाण्यात नव्हतेच. जित्ते हायत. कोळारला हायत."

सगळं सांगितलं. रेणुका, तिचे भाऊ, मुलगी, घडी घातलेला शर्ट, काळी पाठ मी रचली ते.

त्यांनी विचारलं, "तुला कवापासून ठावं हाय?"

"पैल्या दिवसापासून."

ओरडले नाहीत. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर चाललं असतं. ते तसेच ओल्या पायांनी ओट्यावर बसून राहिले आणि म्हणाले, "सात महिने मी चिखल तुडवला. अन् तू मला रोज भाकर बांधून दिलीस."

मी तांब्या खाली ठेवला.

थोड्या वेळानं त्यांनी पत्ता मागितला. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला. ते कधी येतील सांगता येत नाही. तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहितेय. सुगत, दार उघडा. एवढंच करा. ते भांडायला येत नाहीत. मी त्यांचं तोंड बघितलंय. आंघोळ करून, दाढी करून, नातीला काय न्यावं असं विचारत होते.

पंचशीला


बोरतळं, ९ जून २०२४

सुगत,

अप्पा बुधवारी सकाळच्या बसनं गेले. धुतलेला शर्ट घातला होता. नातीला टोपडं घेतलं होतं. दुपारी चारच्या बसनं परत आले.

मी दारातच होते. म्हणाले, "तिथं कुणी न्हाई, बाई. तो पत्ता कुणा दुसऱ्याचाच हाय. तू फसलीस."

टोपडं त्यांच्या हातात नव्हतं. मी विचारलं तर बसमध्ये राहिलं म्हणाले.

तुम्ही घर बदललं का? की पत्ता पहिल्यापासूनच खोटा होता? मग मार्चमध्ये उत्तर कुठून आलं? मला काही समजेना. तुम्ही कुठं आहात ते नुसतं एका ओळीत लिहा.

अप्पा जेवत नाहीत. बोलतात, पण पाहुण्याशी बोलावं तसं.

पंचशीला


बोरतळं, ३० जून २०२४

सुगत,

हे शेवटचं. 'तुम्ही' लिहायला घेतलं, हात वळला नाही.

कारहुणवीला सकाळी अप्पा आंघोळ करून गुंडप्पाच्या घरी गेले. त्याला म्हणाले, यंदाचा निवद मी नेतो. गुंडप्पाचा विश्वास बसेना. संध्याकाळी बैलांची मिरवणूक झाल्यावर सगळं गाव बांधावर आलं. डोहात झऱ्याचं पाणी कमरेएवढं भरलंय. आपल्या गल्लीतली माणसंही आली होती. त्यांनी अप्पांना अडवलं. विहाराच्या कमिटीतल्या पोरांनी हात धरले, एकजण रडायला लागला. म्हणाला, अप्पा, तुम्हीच आम्हाला या पाण्यात पोहायला शिकवलं. अप्पांनी त्याचा हात सोडवला आणि दहीभाताची पाटी डोक्यावर घेतली.

पाण्यात गेले. कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकून बसले, म्हणजे पाणी गळ्याला लागलं. पाटी सोडली. दोन्ही हात जोडून डोकं पाण्याला लावलं. मग उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझं पोरगं ह्यानंच नेलं. मी न्हाई न्हाई म्हणत होतो. माझं चुकलं."

बाया रडायला लागल्या. लिंगम्मानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. आपल्या गल्लीतली माणसं एक एक करून निघून गेली. ती आता आपल्या दारातून जाताना आत बघत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढं बसले होते. अप्पा येऊन जवळ बसले आणि माझ्याकडं न बघता सांगितलं.

म्हणाले, मी कोळारला गेलो होतो. घर गावलं. दार त्यानंच उघडलं. खांद्यावर पोरगी होती, झोपलेली. मला बघून त्याचं तोंड पांढरं पडलं. आतून बाईनं कन्नडमधून विचारलं, कोण आहे? तर तो वळून तिला म्हणाला, कुणी नाही, लाइनीचं माणूस आहे, मीटर बघायला आलंय.

अप्पा म्हणाले, "मीटर दाराच्या शेजारीच होतं. मी बघितलं. आकडा वाचला. बरोबर हाय म्हनलं अन् आलो."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. टोपडं तिथल्याच एका दुकानाच्या पायरीवर ठेवून आलो म्हणाले. मी विचारलं, मग रेड्याला कामून हात जोडले? सगळ्या आयुष्याचं काय केलं तुम्ही?

तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. "लोक इचारतेत, पोरगं कुठं गेलं. त्यांना काय सांगू? मीटरचं सांगू? त्यापरीस रेडा बरा. रेड्यानं नेलं म्हनलं की मला रडता तरी येतंय."

आणि ते रडले. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी त्यांना धरून बसले. भाकरी तव्यावर जळाली.

मला वाटलं होतं एवढ्यावर संपेल. संपलं नाही. ज्यानं इतकी वर्षं नाही म्हटलं तोच हो म्हणाला, म्हणून लोकांना आता अप्पांचंच खरं वाटतं. लांबलांबून माणसं येतात. कुणाचं जनावर हरवलंय, कुणाचं पोरगं पोहायला जातं. लिंबू आणतात, खण आणतात, अप्पांपुढं ठेवतात आणि पाणरेड्याला विचारा म्हणतात. अप्पा परत न्या असं म्हणत नाहीत. ओट्यावर बसून ऐकून घेतात. काल एका बाईनं सहा वर्षांच्या मुलाला पुढं केलं. अप्पांनी त्याला जवळ घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, पाण्यात जाऊ नको बरं, हाय तो. पोरगं थरथरायला लागलं. मी आतून बघत होते. त्यांना तसं बोलताना बघून मला कळलं की ते आता नुसतं लोकांसाठी बोलत नाहीत. रोज तेच म्हणून म्हणून त्यांना त्याचा आधार झालाय. तो काढून घ्यायची माझी छाती नाही. माझ्याकडं त्याच्या बदली द्यायला काही नाही.

तुला वाटत असेल, मी आता तुझ्या दारात येईन, तिच्या भावांना सांगेन. येणार नाही. आले असते, अप्पा दारातून परत आले नसते तर. आता तिथं येऊन मी कुणाला काय मागू? अप्पांचा पोरगा मागू? तो तिथं नाही, असं तूच सांगितलंस.

शुक्रवारी पंचायतीत रेशनकार्डावरची नावं तपासायला माणूस आला होता. तुझं नाव काढायचं तर घरातल्या दोघांच्या सह्या लागतात म्हणाला. त्यानं कागद भरला. कारण काय लिहू, विचारलं. अप्पा खिशात चष्मा शोधत राहिले. त्यानं गावातल्या माणसांकडं बघितलं आणि आपणच लिहिलं, पाण्यात बुडून मृत्यू. अप्पांनी चष्मा लावून कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग तीन बोटांच्या हातानं कागद दाबून धरून सही केली, पूर्ण नाव, लाइनमन असताना करायचे तशी. कागद माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "कर बाई."

मी केली.

पंचशीला